चहा संपेपर्यंत

बसायच्या आधी नानांनी विमानाच्या सीटमध्ये अंगठा रुतवला.

हे होणार हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, तरी प्रत्येकाने मनातल्या मनात 'आज नको रे देवा' म्हटलंच होतं. मागे माणसांची रांग तुंबली. कुणाच्या खांद्यावर बॅग, कुणाच्या कडेवर मूल, आणि हा सत्तरी ओलांडलेला गृहस्थ वाट अडवून सीटची नाडी बघतोय. आधी मधोमध दाबलं, मग पुढच्या कडेला, मग शिवणीवरून नख फिरवलं.

"नाना, बसा ना," थोरला मागून म्हणाला. "लोक खोळंबलेत."

"खोळंबू देत. अख्खा दिवस जिच्यावर काढायचा तिची ओळख नको करून घ्यायला?" नानांनी अंगठा उचलला. पडलेला खड्डा काही लवकर भरून येईना. "मेलाय. आतला फोम मेलाय हिचा. वरून कापड तेवढं नवं चढवलंय."

"अहो, निघताना तरी शुभ बोला," नानी म्हणाल्या आणि त्यांनी नवऱ्याला कोपराने आत ढकललं. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संसारात नानींचं कोपर हेच घरातलं शेवटचं कोर्ट होतं. नाना बसले.

मधल्या रांगेत चार जागा मिळाल्या होत्या. कडेला नाना, त्यांच्याशेजारी नानी, मग थोरली सून, आणि पलीकडच्या कडेला थोरला. नानांच्या बाजूला, वाट ओलांडून, लेक बसली होती. तिला सगळे ताई म्हणत. ताईने ह्या प्रवासासाठी गळ्यात घालायची फुगवायची उशी घेतली होती आणि घरातून निघाल्यापासून ती गळ्यातून काढली नव्हती. "मानेला सवय व्हायला हवी," असं तिचं म्हणणं.

सकाळी उडालेलं विमान सूर्याच्या मागे मागे चाललं होतं, त्यामुळे दिवस मावळायचं नाव घेणार नव्हता. निघाले होते ते धाकट्याकडे. धाकट्याने परदेशात घर घेतलं होतं आणि सगळ्यांना बोलावलं होतं. पण आनंद निम्माच होता, कारण त्या घराच्या भिंतीवर एक खिळा मारून तयार होता, आणि त्या खिळ्यावर काय टांगायचं हे गेल्या महिन्यात जेवणाच्या टेबलाशी ठरलं होतं.

मोठी कात्री.

नानांच्या वडिलांनी घोडागाड्यांच्या गाद्या ह्याच कात्रीने बेतल्या. नानांच्या काळात बसच्या, मग सिनेमागृहाच्या, मग दातांच्या डॉक्टरांकडच्या खुर्च्यांच्या. कारखान्यात माणसं पुष्कळ, मशिनं पुष्कळ, पण नव्या गादीचा पहिला काप मोठ्या कात्रीनेच व्हायचा, आणि ती कात्री ज्याच्या हातात त्याचा कारखाना. नाना थकल्यापासून ती थोरल्याच्या हातात होती. आता थोरल्याला एका मोठ्या फर्निचर कंपनीत नोकरी लागत होती, देखरेखीची. धाकटा फोनवरून म्हणाला, बंद करा आता, नाना किती राबणार. ताईने धाकट्याची री ओढली. नाना म्हणाले होते, "हातच चालला तर कारखाना ठेवून काय करू? लावा कुलूप."

कात्री मात्र त्यांना हातातल्या पिशवीतून न्यायची होती! दीड वीत लांब पात्याची कात्री, आणि म्हणे मांडीवर घेऊन बसतो. थोरलीने समजूत घातली, फ्लॅनेलमध्ये गुंडाळून आपल्या मोठ्या बॅगेत ठेवली आणि बॅग खाली सामानात गेली.

"उतरल्या उतरल्या माझ्या हातात द्यायची," नाना तेव्हापासून तिसऱ्यांदा म्हणाले.

"हो नाना," थोरली तिसऱ्यांदा म्हणाली.

*

थोरली कमी बोलायची. लग्न होऊन आली तेव्हा नानी म्हणाल्या होत्या, सून आहे की कपाट, उघडतच नाही. पण कपाटात काय काय असतं हे नानींइतकं कुणाला कळणार!

विमान वर गेल्यावर तिने डोळे मिटले होते, पण झोपली नव्हती. कुलूप, कुलूप, कुलूप. एवढंच डोक्यात चाललं होतं. घरी परतायचं आणि महिनाअखेर कुलूप लावायचं. कटिंगचं लांब टेबल कुणी तरी घेऊन जाईल, त्याच्यावर भाजी चिरतील नाहीतर इस्त्री करतील. आणि हे सगळं एका गोष्टीमुळे, जी ती एका वाक्यात सांगू शकली असती.

थोरल्याला हात नव्हता. कधीच नव्हता. माणूस सोन्यासारखा, हिशोबाला चोख, गिऱ्हाईक एकदा बोललं की पुन्हा दुसऱ्याकडे जायचं नाही. पण कापड हातात धरलं की घाम फुटायचा. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी एका बसवाल्याची मोठी ऑर्डर आली आणि थोरल्याने पहिला काप चुकवला. सकाळी नाना यायच्या आत थोरलीने नवं कापड पसरून गादी बेतली, शिवली, भरली. तिला शिकवलं कुणी नव्हतं. नानांचे हात बघत बघत आलं होतं.

नानांची एक परीक्षा होती. नवी गादी खुर्चीवर ठेवायची, नाना तिच्यावर बसायचे आणि चहा मागवायचे. चहा संपेपर्यंत ते एकदाही हलले नाहीत की गादी पास. हलले की उसवा. छान, वा, असले शब्द त्यांच्या तोंडात नव्हतेच. त्या दिवशी नानांनी चहा संपवला, कप खाली ठेवला, उठले, आणि थोरल्याच्या पाठीवर अशी थाप मारली की त्याचा चष्मा निसटला. "पोराला हात आला!" ते सगळ्या कारखान्याला ऐकू जाईल असं ओरडले.

थोरल्याचा चेहरा त्या दिवशी जसा उजळला तसा तिने आधी पाहिला नव्हता. दोघं गप्प राहिली. एका दिवसाचं गप्प राहणं मग वर्षानुवर्षांचं झालं. सकाळी नाना आणि कामगार यायच्या आत कात्री तिच्या हातात, नाना आले की नुसती धरायला त्याच्या. झाकली मूठ सव्वा लाखाची, पण आता त्या मुठीत अख्खा कारखाना गुदमरत होता. बोलावं तर नवऱ्याची मान खाली. न बोलावं तर कुलूप. ती मूग गिळून बसली होती.

*

जेवणाचे ट्रे गोळा झाले आणि नानांचा त्रास सुरू झाला.

गेल्या वर्षी कारखान्यात रेक्झीनच्या तुकड्यावरून पाय घसरून ते बसल्या बसल्या आपटले होते. माकडहाडाला लागलं. तेव्हापासून त्यांना साध्या खुर्चीवर फार वेळ बसता येत नसे. कारखान्यात त्यांच्यासाठी एक खास बैठक होती, मागे खाच ठेवलेली, पुढे उतरती. थोरल्याने करून दिलेली, असं सगळे समजत. ती बैठक आणायची होती, पण सामान वजनात बसेना तेव्हा ताईने ती बाहेर काढली. "नाना, तिथे सगळं मऊ मऊ असतं," ती म्हणाली होती.

नाना आधी ह्या कुशीवर झाले, मग त्या. मग उठून मागपर्यंत फेरी मारून आले.

"काय हो, पाकीट हरवलंय का?" नानींनी विचारलं.

"पाय मोकळे करतोय."

"पाय मोकळे करायला तोंड कशाला वाकडं व्हायला पाहिजे?"

दुसऱ्या फेरीनंतर नाना थोरल्याला म्हणाले, "ही गादी वर उचल बरं. आत काय घातलंय बघू."

थोरल्याने इकडेतिकडे पाहिलं आणि कड धरून ओढली. खालची चिकटपट्टी सुटल्याचा चर्रर्र असा काय आवाज आला म्हणता, चार रांगांतली माणसं वळली! लगोलग हवाईसुंदरी आली. उंच, केस घट्ट बांधलेले, चेहऱ्यावर हसू पण हसूच्या खाली शिस्त. तिने ताईला सांगितलं आणि ताईने नानांना, "गादी काढायची नसते म्हणतेय. विमान पाण्यात उतरलं तर हीच धरून तरंगायचं असतं."

"हिच्यावर बसवत नाही, तरंगणार कोण? सांग तिला."

"मी असलं काही सांगणार नाहीये नाना. शोभा होतेय आपली."

गादी परत जागेवर बसली. आणि तेवढ्यात पट्ट्याचा दिवा लागला, विमान हादरायला लागलं. सगळ्यांनी बसून पट्टे बांधायचे, उठायचं नाही. नानांना बसावंच लागलं. प्रत्येक हिसक्याला ते हातांवर भार देऊन इंचभर वर होत आणि परत त्याच खड्ड्यात बसत. कपाळावर घाम आला. नानींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि टोमणा ओठावरच राहिला, कारण नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं. हा माणूस आईच्या अंत्ययात्रेत रडला नव्हता.

"फार दुखतंय का हो?" त्यांनी हळूच विचारलं.

"हं," नाना म्हणाले. एवढंच.

अजून अर्ध्याहून जास्त वाट बाकी होती.

दिवा विझला तसे नाना सीटच्या पाठी धरत उभे राहिले आणि दोघींच्या डोक्यांवरून थोरल्याकडे पाहत म्हणाले, "तू कर रे काहीतरी. कारखान्यातली माझी बैठक केलीस तशी. मिळेल त्याची कर. तुझा हात आहे, तुला जमेल."

*

थोरल्याच्या आयुष्यात पुष्कळ वाईट क्षण आले असतील, पण हा त्यांचा मुकुटमणी.

तो उठला. ताईकडे उशी मागितली. ताईने आधी उशी दोन्ही हातांनी धरली, मग वजनातून काढलेली बैठक तिला आठवली असावी, तिने ती मुकाट्याने दिली. थोरल्याने उशी सीटवर ठेवली, वर विमानातलं पातळ पांघरूण घडी करून टाकलं. नाना बसले. उशी पुढे सटकली आणि नाना मागे आपटले. तोंडातून आवाज आला तो त्यांनी अर्ध्यावर गिळला.

"थोडी हवा सोडा," थोरली ओठ न हलवता पुटपुटली. "आणि घडी उलटी."

त्याने हवा सोडली, जरा जास्तच सोडली. घडी उलटी केली ती तिरकी झाली. नाना पुन्हा बसले, पुन्हा उठले. ह्या वेळी त्यांनी लेकाच्या हातांकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ते त्या हातांना प्रत्यक्ष काम करताना पाहत होते, आणि त्या हातांना घडीची कड सापडत नव्हती.

थोरल्याने पांघरूण हातात धरलं. बायकोकडे पाहिलं. ती मांडीवर हात घट्ट धरून बसली होती, बोटं एकमेकांत अडकवून, जणू ती सुटली तर आपणहून कामाला लागतील. तिच्या चेहऱ्यावर विनवणी नव्हती, तक्रार नव्हती. आजवर कधीच नव्हती. ही बाई आत्ताही गप्प बसेल, त्याच्या लक्षात आलं, नाना कण्हत राहतील, कुलूप लागेल, आणि ही माझी लाज राखत गप्प बसेल. त्याला एकदम स्वतःचा वीट आला.

"तू कर," तो म्हणाला.

"अहो..."

"तू कर गं. ऊठ. मला येत नाही."

हे शेवटचे तीन शब्द तो मोठ्याने बोलला. वाटेपलीकडच्या ताईनेही ऐकले. नानींनी सुस्कारा सोडला आणि विणकामाची पिशवी उघडून लोकर आणि लोकरीची बोथट सुई सुनेच्या मांडीवर ठेवली. कुणी मागितली नव्हती.

*

ताईने पुढे कित्येक वर्षं ही गोष्ट सांगितली, आणि दर वेळी ती इथे आली की तिचा आवाज बदलायचा.

ती सांगायची, वहिनी उठली आणि दुसरीच बाई झाली. घरात जी सरकून वाट देते, ती नाही. तिने आधी सीटमध्ये अंगठा रुतवला. अगदी नानांसारखा, मधोमध, मग कडेला. मग नानांना म्हणाली, "वळा." नानांना! आणि नाना वळले. तिने त्यांच्या कमरेपासून वितीने माप घेतलं, एक वीत, त्याच्यावर दोन बोटं.

"ताई, तुमचं पांघरूण द्या. आणि शाल."

"शाल चांगली आहे गं माझी."

"म्हणूनच पाहिजे."

तिने उशीतली हवा तोंडाने थोडी थोडी भरली, दर फुंकरीला दाबून बघत. उशीची नालासारखी उघडी बाजू मागे केली, म्हणजे माकडहाडाखाली काहीच येणार नाही. पांघरुणं पट्टीसारखी दुमडून उशीच्या दोन्ही बाजूंना अशी बसवली की मेलेल्या फोमचा खड्डा भरून निघाला. पुढची कड एका बोटाने उतरती ठेवली. हे सगळं शालीत गुंडाळलं आणि लोकरीने टाके घालायला सुरुवात केली. लांब लांब धावदोरा, हात असा चाललेला की डोळा मागे पडावा. कात्री नव्हती. शिवण संपली की ती लोकर दाताने तोडत होती.

हवाईसुंदरी परत आली. आता मात्र ताई उठून वाटेत उभी राहिली, हात कमरेवर. मघाशी शोभा होतेय म्हणणारी हीच ताई.

"गादीला हात लावलेला नाही," ती म्हणाली. "वरून ठेवायचंय. माझे वडील आहेत, त्यांना दुखतंय."

हवाईसुंदरीने पांघरुणांकडे बोट दाखवलं. ती कंपनीची होती. थोरलीने लोकरीचं एक टोक धरून ओढलं, सबंध शिवण सर्रकन सुटून आली. मग तिने तीच शिवण पुन्हा घातली. कच्चे टाके, उतरताना एका ओढीत पांघरुणं जशीच्या तशी परत, हे समजायला ताईची गरज लागली नाही. हवाईसुंदरीने दोन पळं त्या हातांकडे पाहिलं, गेली, आणि आणखी एक पांघरूण घेऊन आली.

"देव भलं करो पोरीचं," नानी म्हणाल्या.

पलीकडच्या रांगेतला एक अनोळखी माणूस सिनेमा थांबवून बघत होता. थोरला बायकोमागे उभा राहून लोकरीचा गुंडा धरून होता, गुंता होऊ न देता, आणि त्याच्या चेहऱ्यावर लाज शोधायला गेलं तर सापडली नसती. तो बायकोकडे असा बघत होता की ताईने नजर दुसरीकडे वळवली.

"बसा नाना," थोरली म्हणाली.

*

नाना बसले.

पाठ टेकली. हात मांडीवर ठेवले. थोडा वेळ समोरच्या छोट्या पडद्याकडे पाहत राहिले, त्याच्यावर एक इवलंसं विमान निळ्या पाण्यावरून सरकत होतं. मग म्हणाले, "चहा मागवा."

ताईने घंटीचं बटण दाबलं. कागदी कपात चहा आला, पाणचट, पिशवी बुडवलेला. नानांनी पहिला घोट घेतला. घरची चार माणसं श्वास धरून त्यांच्या कमरेकडे बघत होती. दुसरा घोट. पट्ट्याचा दिवा लागला, विमान पुन्हा हादरलं, चहा हिंदकळून बशी नसलेल्या कपातून नानांच्या बोटांवर आला. नाना हलले नाहीत. तिसरा, चौथा. त्यांना चहा सावकाश प्यायची सवय होती, पण एवढा सावकाश त्यांनी कधीच प्यायला नव्हता. कारण पहिल्या घोटालाच त्यांना कळलं होतं आणि उरलेला चहा ते स्वतःला आवरायला पीत होते.

ही तीच बैठक होती. कारखान्यातली. तीच खाच, तीच एका बोटाची उतरण. आणि तीच बसवाल्याची गादी, तीच सिनेमागृहाची, तीच दाताच्या डॉक्टरची जिच्यावर बसून ते चहाबरोबर बिस्किटंही खाऊन उठले होते. हात खोटं बोलत नाही. ज्या हाताला आपण एवढी वर्षं मनातल्या मनात नमस्कार केला तो हा होता, आणि तो आपल्याला रोज दोन वेळा ताट वाढत होता.

कप रिकामा झाला.

"कधीपासून?" नानांनी विचारलं.

"पहिल्यापासून," थोरला म्हणाला. "एकही गादी माझी नाही नाना. सगळ्या हिच्या."

"मला येडा केलात?" नानांचा आवाज चढला. "सगळ्यांनी मिळून? म्हातारा अंगठे दाबत बसतो, ह्याला काय कळतंय!"

"हळू," ताई म्हणाली.

"हळू काय? ह्याच्यासाठी मी कुलूप लावायला निघालो होतो! ह्याचा हात चालला म्हणून!" ते नानींकडे वळले. "तुला माहीत होतं?"

"मला पहिल्या दिवसापासून माहीत," नानी म्हणाल्या. "सकाळी अंघोळ करून गेलेल्या सुनेच्या केसांत कापूस कुठून येतो एवढं कळतं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत का कधी? काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी म्हटलं, नवराबायकोचं आहे, त्यांचं त्यांना सोडवू दे. सोडवायला विमानात बसावं लागेल हे काय ठाऊक!"

नाना थोरल्याकडे वळले. "आणि तू? तुझ्या तोंडाला काय झालं होतं?"

थोरल्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तुम्ही त्या दिवशी माझ्या पाठीवर थाप मारलीत नाना. लहानपणापासूनची पहिली. ती परत द्यायचं माझ्याच्याने झालं नाही."

विमान हादरायचं थांबलं होतं. नाना रिकामा कप हातात फिरवत राहिले आणि मग, नानी आणि सून दोघींच्या पुढून हात लांब करून, त्यांनी जिथे पोहोचला तिथे, म्हणजे लेकाच्या दंडावर, एक जोरदार थाप मारली. चष्मा निसटलाच.

"मघाशी 'मला येत नाही' म्हणालास ना," ते म्हणाले, "त्याची आहे ही. ही तुझी. ठेव."

थोरली खाली वाकून चष्मा शोधायला लागली आणि बराच वेळ वर आली नाही. तिच्या पाठीवर नानींनी हात ठेवला होता.

थोड्या वेळाने नाना झोपले. घोरले सुद्धा. अनोळखी माणसाने पुन्हा सिनेमा लावला.

*

उतरायच्या आधी थोरलीने लोकरीचं टोक धरून ओढलं, पांघरुणं सुटी झाली, तिने घड्या घालून हवाईसुंदरीच्या हातात दिली. उशी ताईला मिळाली, शालही मिळाली, नुसती चुरगळलेली.

खाली सामानाच्या पट्ट्यावर बॅगा फिरत होत्या. नाना पायांवर ताठ उभे होते. थोरलीची मोठी बॅग आली तशी थोरल्याने ती उचलली, आणि दिल्या शब्दाप्रमाणे थोरलीने तिथेच चेन उघडून फ्लॅनेलचं गाठोडं काढलं.

"घ्या नाना. तुमची कात्री."

नानांनी फ्लॅनेल बाजूला केलं. पात्यावरून नख फिरवलं. धार अशी की त्यांनी भुवया उंचावल्या, कारण त्यांनी स्वतः धार लावायला दिली त्याला जमाना झाला होता.

"धाकट्याने खिळा मारून ठेवलाय," ताई म्हणाली. ती आता बाहेरच्या दाराकडे बघत होती, पण भावाची री ओढण्यातला तिचा जोर पार गेला होता. "काय सांगायचं त्याला?"

"सांग, खिळा वाया जायला नको. माझा फोटो लाव म्हणावं."

"अहो, टांगून घ्यायची एवढी घाई कसली?" नानी म्हणाल्या.

नाना हसले नाहीत. कात्री त्यांनी पुन्हा फ्लॅनेलमध्ये गुंडाळली, नीट, जशी होती तशी, आणि सुनेच्या हातात दिली. "परत गेल्यावर टेबलाच्या उजव्या बाजूला टांग. आणि माझ्या येण्याच्या आत नको, मी आल्यावर काप. मला बघायचंय." मग कामाचं काहीतरी राहून गेल्यासारखे ते थांबले. "अंगठ्याची कडी मोठी पडेल तुला. पुरुषी हाताच्या मापाची आहे. चिंधी गुंडाळून घे."

थोरली पहिल्यांदाच हसली. "नाही पडत मोठी," ती म्हणाली आणि तिने हात पुढे केला.

अंगठ्याच्या मुळाशी, बाहेरच्या अंगाला, पिवळट कडक घट्टा होता. नानांनी तिचा हात उजेडाकडे धरला. मग आपला अंगठा शेजारी धरला. त्यांच्याही अंगठ्याला, त्याच जागी, तसाच घट्टा होता, आणि त्यांच्या वडिलांच्याही होता.

ते दोन अंगठे बघत नाना उभे राहिले. पट्ट्यावर बॅगा फिरतच होत्या, त्यांतली एक त्यांची स्वतःची होती आणि ती दुसऱ्यांदा समोरून निघून गेली.